रांगेतील मूल: बालरुग्णांच्या दवाखान्यातील क्रम आणि काळजी

(वाचनासाठी: मार्क ५:२१-४३)



आजारी मूल मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नाही असे आईबाप विरळाच. हातात नंबराची चिठ्ठी असते, पुढे पंधरा-वीस जण असतात आणि डॉक्टरांच्या खोलीचे दार उघडले की सर्वांच्या माना एकदम तिकडे वळतात. अशा वेळी आईच्या मनात दोन प्रश्न असतात. पहिला, माझा नंबर केव्हा लागेल? दुसरा, तोवर माझ्या मुलाला थांबणे झेपेल ना? पहिला प्रश्न रांगेचा आहे, दुसरा निकडीचा. हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजल्यामुळे कित्येकदा मुलाचे नुकसान होते. ते वेगळे कसे, चांगला दवाखाना त्यांची सांगड कशी घालतो, आणि त्यात आईबापांचा व रांगेतील इतरांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या अभ्यासासाठी आपण चेन्नई शहर डोळ्यांपुढे ठेवू. महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबे उपचारासाठी वेल्लोरला व चेन्नईला जातात, आणि नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे स्थायिक झालेली मराठी घरेही आहेत. शिवाय मुलांच्या उपचाराच्या सर्व पायऱ्या या एका शहरात पाहावयास मिळतात. एग्मोर येथे, ज्याला तमिळ लोक एळुंबूर म्हणतात, मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले मुलांचे मोठे शासकीय रुग्णालय आहे. नुंगम्बाक्कम येथे कांची कामकोटी चाइल्ड्स ट्रस्ट हे केवळ मुलांसाठी असलेले रुग्णालय आहे. रॉयपुरमचे रेनी रुग्णालय व मायलापूरचे कल्याणी रुग्णालय ही मिशनकार्यातून उभी राहिलेली रुग्णालये आहेत. आणि गल्लोगल्ली, संध्याकाळी दिवे लागल्यावर भरणारे बालरोगतज्ज्ञांचे छोटे दवाखाने आहेत. जागा लहान असो वा मोठी, प्रश्न सर्वत्र तोच: आधी कोण?

१. एक शब्द आणि त्याचे दोन अर्थ

भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दांपाशी थबकण्याची सवय असते. चेन्नईच्या रुग्णालयात तातडीच्या विभागावर तमिळमध्ये ‘अवसर सिकिच्चै पिरिवु’ अशी पाटी असते. मराठी माणसाला त्यातील ‘अवसर’ हा शब्द ओळखीचा वाटतो, पण आपल्याकडे त्याचा अर्थ संधी, योग्य वेळ असा आहे. तमिळमध्ये ‘अवसरम्’ म्हणजे घाई, निकड. शब्दाचे मूळ संस्कृतातले एकच, परंतु दोन भाषांनी त्याची दोन अंगे उचलली. गंमत अशी की आजारी मुलाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. जेथे निकड आहे तेथेच संधी आहे, आणि ती थोड्या वेळापुरतीच असते. मोठ्या माणसाचे शरीर काही काळ तग धरते. लहान मुलाच्या अंगात पाण्याचा व शक्तीचा साठा थोडा असतो आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे त्याची प्रकृती काही तासांत पालटू शकते. सकाळी खेळणारे तान्हे जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत निपचित पडू शकते. यास्तव मुलांच्या दवाखान्यात केवळ ‘जो आधी आला तो आधी’ हा नियम पुरेसा नाही.

२. वेळ देण्यामागील हिशेब

दवाखान्यात येणारी मुले ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिली, ज्यांचे येणे आधीपासून ठरलेले असते: लस, वजन-उंचीची तपासणी, जुन्या आजाराची फेरतपासणी. दुसरी, जी त्या दिवशी आजारी पडली आहेत: ताप, खोकला, कानदुखी, जुलाब. तिसरी, ज्यांना एक क्षणही थांबवता येत नाही.

पहिल्या प्रकाराला आठवडाभर आधी वेळ देता येते. दुसऱ्याला ती त्याच दिवशी लागते. समजा, डॉक्टर तीन तास बसतात आणि प्रत्येक मुलाला दहा मिनिटे देतात, तर अठरा मुले पाहून होतील. या अठराही जागा आधीच भरून टाकल्या, तर काल रात्री तापलेल्या मुलाने कोठे जावे? म्हणून शहाणा दवाखाना काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवतो. दूरध्वनीवर ‘आठ दिवसांनी या’ असे ज्या आईला सांगितले जाते, तिलाच शेजारणीचे मूल मात्र आजच पाहिले गेल्याचे कळले की राग येतो. परंतु एकीचे मूल वाढीच्या तपासणीसाठी जाणार होते, तर दुसरीचे तापलेले होते. हा पक्षपात नव्हे.

वेळा वेगवेगळ्या ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. गोवर हवेतून पसरतो, आणि गोवराचे मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू सुमारे दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. गोवर-रुबेलाची पहिली लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. म्हणजे सहा आठवड्यांचे जे बाळ लसींसाठी आले आहे, त्याला गोवरापासून लसीचे संरक्षण नसते. ते बाळ आणि अंगावर पुरळ उठलेले मूल एकाच बाकावर बसू नयेत, म्हणून कित्येक ठिकाणी लसीकरणाची वेळ निराळी ठेवतात, आणि फोनवरच ‘अंगावर पुरळ आहे का?’ असे विचारतात. पुरळ असेल तर त्या मुलाला वेगळ्या दाराने घेतात किंवा शेवटी बोलावतात. ही त्या मुलाची हेटाळणी नसून इतरांची काळजी आहे.

शासकीय केंद्रांत लसीकरणाचा वार ठरलेला असतो. तमिळनाडूत हा वार बुधवार आहे. त्यामागेही कारण आहे. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते, आणि बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची अनेक मात्रांची कुपी एकदा द्रव मिसळून तयार केली की ती चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. बरीच बाळे एकाच दिवशी आली तर लस वाया जात नाही. लस दिल्यावर अर्धा तास थांबण्यास सांगतात तेही उगाच नव्हे. क्वचित एखाद्या बाळाला तीव्र प्रतिक्रिया येते आणि ती बहुधा या पहिल्या काही मिनिटांतच दिसून येते. तेव्हा ‘काम झाले, निघू या’ असे म्हणून रिक्षा बोलावू नये.

३. चिठ्ठी फाडणारी व्यक्ती

आपण डॉक्टरांना मान देतो, पण दाराशी बसून नाव लिहून घेणाऱ्या व्यक्तीकडे फारसे लक्ष देत नाही. महाराष्ट्रातील सरकारी दवाखान्यात आपण ‘केस पेपर’ काढतो, चेन्नईत ‘ओ.पी. चीट्टु’ घेतात. ही चिठ्ठी देणारी व्यक्ती मुलाला सर्वांत आधी पाहते. तिने मान वर करून मुलाच्या तोंडाकडे पाहिले की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तिला वैद्यकाचे शिक्षण नसले तरी चार-पाच प्रश्न विचारण्याचे वळण लावता येते: बाळ किती महिन्यांचे? श्वास घेताना त्रास होतो का? दूध किंवा पाणी पोटात राहते का? झटके आले का? हाक मारली तर पाहते का? यांपैकी एका उत्तरात जरी धोका दिसला, तरी चिठ्ठी बाजूला ठेवून मुलाला आत न्यावे आणि नाव नंतर लिहावे.

यानंतर मुलाचे वजन होते. घाईत असलेल्या बापाला वाटते, ‘ताप आहे, वजन कशाला?’ परंतु मुलाचे औषध वयावर नव्हे तर मुख्यतः वजनावर ठरते. दोन वर्षांची दोन मुले वजनात तीन-तीन किलोंनी वेगळी असू शकतात. शिवाय तापाचे पॅरासिटामॉल हे औषध बाजारात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसरीत २५० मिलिग्रॅम औषध असते. ‘एक चमचा दिला’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. म्हणून घरातील बाटली सोबत न्यावी आणि शेवटची मात्रा किती वाजता दिली ते सांगावे. वजनाचा दुसराही उपयोग आहे. मागील वजनाशी ताडून पाहता मूल वाढते की खंगते, आणि जुलाबांत किती पाणी गेले, याचा अंदाज येतो. माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत जपून ठेवण्यापेक्षा दरवेळी पिशवीत असणे अधिक बरे.

४. निकडीचा क्रम कसा ठरतो

निकडीप्रमाणे रुग्णांची विभागणी करण्याला वैद्यकात ‘ट्रायेज’ म्हणतात. हा शब्द निवडणे, वेगळे करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक लारे यांनी जखमींना हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेच्या गांभीर्याप्रमाणे उपचार देण्याची रीत घातली. सरदाराच्या आधी साधा शिपाई पाहिला जाऊ लागला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मराठीत आपण याला ‘निकडक्रम’ म्हणू या.

मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो निकडक्रम सांगितला आहे, त्यात तीन गट आहेत.

पहिला गट, तत्काळ उपचाराचा. श्वासाला अडथळा किंवा तीव्र धाप, जीभ-ओठ निळे पडणे, हातपाय गार पडून नाडी क्षीण व जलद होणे, बेशुद्धी, चालू असलेले झटके, आणि जुलाबांमुळे अंगातील पाणी अतिशय कमी होणे, ही याची लक्षणे. पाणी कमी झाले आहे हे ओळखण्याच्या खुणा म्हणजे मूल मलूल होते, डोळे खोल जातात आणि पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली तर ती पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. या मुलांसाठी रांग नाही, चिठ्ठी नाही, पैशांचा प्रश्नही आधी नाही.

दुसरा गट, रांगेच्या पुढे घेण्याचा. दोन महिन्यांच्या आतील बाळ, फार जास्त ताप, अतिशय फिकटपणा, विषबाधा, तीव्र वेदना, मोठी दुखापत किंवा भाजणे, सतत चिडचिड वा सुस्ती, दिसण्याजोगे कुपोषण, दोन्ही पायांवर सूज, श्वासाचा त्रास, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी तातडीने पाठविलेले मूल, यांचा यात समावेश होतो.

तिसरा गट, ज्यांना थांबता येते. बहुसंख्य मुले याच गटात असतात. खरे सांगायचे तर रांग ही यांच्यासाठीच असते.

अशी विभागणी केल्याने काय साधते? आफ्रिकेतील मलावी देशात ब्लांटायर येथील मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या विभागाची व्यवस्था बदलण्यात आली. आलेल्या प्रत्येक मुलाला आधी निकडीप्रमाणे पाहणे, कर्मचाऱ्यांना त्याचे शिक्षण देणे, मुलांच्या येण्याजाण्याचा मार्ग सुधारणे, आणि बाह्यरुग्ण विभागाचा आंतररुग्ण विभागाशी मेळ घालणे, असे हे बदल होते. पूर्वी दाखल मुलांपैकी १० ते १८ टक्के दगावत असत. नंतर हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर आले. हा वृत्तांत २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो देश गरीब आहे हे लक्षात ठेवावे. सुव्यवस्था ही श्रीमंतांचीच मिरास नाही.

५. गप्प मूल

रांगेत बसलेल्यांची एक सार्वत्रिक चूक अशी की, जे मूल मोठ्याने रडते ते अधिक आजारी, असे आपण समजतो. वास्तविक मोठ्याने रडणाऱ्या मुलाची छाती बहुधा मोकळी असते आणि अंगात शक्ती असते. भीती बाळगावी ती गप्प मुलाची. जे आईच्या खांद्यावर मान टाकून पडले आहे, सुई दाखवली तरी हलत नाही, पाणी दिले तर तोंड फिरवते, त्या मुलाकडे कोणी पाहत नाही, कारण ते कोणाला त्रास देत नाही. आणि बहुधा त्याची आईही गप्प असते. ती परगावची असते, किंवा गरीब असते, किंवा तिला तेथील भाषा येत नसते.

श्वासाच्या बाबतीत घरीही करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, पोट-छातीची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तेवढाही वेळ घालवू नये.

६. ताप उतरला, आता कशाला जायचे?

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. पाणी साचते, डास वाढतात आणि डेंग्यूचे रुग्ण येऊ लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रात हाच अनुभव पावसाळ्यात व त्यानंतर येतो. डॉक्टर तापाच्या मुलाला तपासून सांगतात, ‘परवा पुन्हा आणा.’ परवा सकाळी ताप उतरलेला असतो. आईला हायसे वाटते, बापाची एक रजा वाचते, आणि ठरलेली वेळ चुकते.

डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो, साधारणतः आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब घसरू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या वा नाकातून रक्त, मलूलपणा किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, ही लक्षणे दिसली तर अंग गार लागते म्हणून समाधान मानू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. फेरतपासणीची वेळ ही डॉक्टरांच्या सोयीची नसते. आजाराच्या वाटेवर जेथे खड्डा आहे तेथे नेमका दिवा धरण्यासाठी ती दिलेली असते. चांगला दवाखाना अशी मुले न आल्यास फोन करून चौकशी करतो. आपल्याला असा फोन आला तर त्याचा राग मानू नये.

७. फोनवर आणि परक्या भाषेत

फोनवरून किंवा पडद्यावरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची रीत आता रुळली आहे. यासंबंधीचे नियम भारतात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाले. मुलाच्या बाबतीत त्याच्यासोबत प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक असून तिची ओळख पटवून घ्यावी लागते. फेरतपासणी, पुरळाचे स्वरूप, आहाराविषयी शंका, यांसाठी ही सोय उत्तम. पण छाती किती आत ओढली जाते, हातपाय किती गार आहेत, हे फोनवर नीट कळत नाही. तातडीच्या लक्षणांत सल्ला विचारीत बसण्यापेक्षा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तमिळनाडूत ही सेवा २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे.

परमुलखात गेलेल्या आईला भाषेची भीती वाटते. भाषांतरकार म्हणून एवढे सांगतो की, अशा प्रसंगी सुंदर वाक्यांची गरज नसते. चार शब्द पुरतात. तमिळमध्ये ताप म्हणजे ‘काय्च्चल’, श्वास म्हणजे ‘मूच्चु’, झटके म्हणजे ‘वलिप्पु’, आणि उलटी म्हणजे ‘वान्ति’, जे आपल्या ‘वांती’चेच भावंड आहे. मात्र ‘वलि’ म्हणजे दुखणे आणि ‘वलिप्पु’ म्हणजे झटके, या दोहोंत गल्लत करू नये. आणि ‘अवसरम्’ हा शब्द आता आपल्याला ठाऊक आहेच. कागदावर मुलाचे वय, आजाराचा दिवस, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा लिहून नेल्यास भाषेचे निम्मे ओझे कमी होते. मुलाला एखादे औषध सोसत नसेल तर ते मोठ्या अक्षरांत लिहावे.

८. वाटेत थांबलेला वैद्य

आता वाचनासाठी दिलेल्या भागाकडे वळू. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची मुलगी बारा वर्षांची. मूळ ग्रीकमध्ये तो तिच्यासाठी लाडाचे, लहानपणाचे रूप वापरतो आणि ती अगदी शेवटास आली आहे असे थोडक्यात सांगतो. आईबापांनी धोका कसा सांगावा याचा हा नमुनाच म्हणावा. तो न लाजता, मोठेपणा बाजूला ठेवून, नेमके तेवढेच बोलतो. पण वाटेत बारा वर्षांची आजारी स्त्री येते, आणि प्रभू थांबतो. निकडक्रमाच्या दृष्टीने पाहिले तर बारा वर्षांचे दुखणे आणखी तासभर थांबू शकले असते. मुलगी थांबू शकत नव्हती. ती वाटेतच गेल्याची बातमी येते. त्या क्षणी बापाच्या मनात काय आले असेल, हे शास्त्र सांगत नाही. रांगेत बसलेल्या प्रत्येक बापाला मात्र ते समजते.

या प्रसंगावरून ‘थांबल्याने काही बिघडत नाही’ असा बोध कोणी काढू नये. जो मृत्यूनंतरही मुलीला उठवू शकतो त्यालाच असे थांबणे शोभते. आपल्या डॉक्टरांजवळ ते सामर्थ्य नाही. त्यांच्याजवळ घड्याळ आहे. म्हणूनच त्यांना क्रम लावावा लागतो, आणि तो नीट लावणे हीच त्यांची दया. परंतु तीन गोष्टी त्यांनाही घेता येतात. गर्दी बाहेर ठेवून आईबापांना आत घेणे, मुलीचा हात धरून तिच्या स्वतःच्या भाषेत तिच्याशी बोलणे, आणि सर्व झाल्यावर तिला खावयास द्या असे सांगणे. मार्काने तिला उठविणारे शब्द अरामी भाषेतच जतन केले, त्याअर्थी ते ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिले असावेत. आणि इतक्या थोर कृत्याच्या शेवटी जेवणाची आठवण! चांगला दवाखाना औषध लिहून दिल्यावर हेच करतो: घरी काय खायला द्यावे, किती पाजावे, केव्हा परत यावे हे समजावून सांगतो आणि आईकडून ते एकदा वदवून घेतो.

९. आपला वाटा

आईबापांनी तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, वेळ घेतली तर पाळावी, आणि जमणार नसेल तर आधी कळवावे. ती रिकामी झालेली जागा कोणाच्या तरी मुलाला हवी असते. दुसरी, धोक्याची लक्षणे पाठ करून ठेवावीत. तिसरी, ती दिसताच संकोच न करता उठून उभे राहावे आणि ‘माझ्या मुलाला श्वास लागला आहे’, ‘माझे मूल हाकेला पाहत नाही’ असे स्पष्ट सांगावे. ‘आम्ही केव्हाचे बसलो आहोत’ या तक्रारीने कोणी हलत नाही. लक्षण सांगितले की सिस्टर हातातील काम टाकून येते. बाकावर बसल्यावर मुलाची प्रकृती बदलली तर पुन्हा सांगावे. एकदा पाहून ‘थांबा’ म्हटले म्हणजे तो निर्णय कायमचा झाला असे नाही.

रांगेतील इतरांचाही वाटा आहे, आणि तो कठीण आहे. आपला नंबर आठवा असताना चौदाव्याला आत नेताना पाहणे मनाला लागते. पण ज्या दिवशी आपले मूल मागे ठेवले जाते, त्या दिवशी एक चांगली बातमीही आपल्याला मिळालेली असते: आपल्या मुलाला थांबता येते. ज्याला आत नेले त्याच्या आईला ही बातमी मिळालेली नाही.

ज्या मंडळ्या दवाखाने चालवतात किंवा गावोगाव आरोग्य शिबिरे भरवतात, त्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. शिबिरात पाहुण्यांची, वर्गणी देणाऱ्यांची, वडीलमंडळींच्या नातवंडांची मुले पुढे घेतली जातात आणि तांड्यावरची आई शेवटच्या बाकावर राहते, असे घडू नये. दाराशी एक समजूतदार व्यक्ती ठेवावी. तिने मुलांमधून फेरी मारून प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे पाहावे, विशेषतः जे रडत नाही त्याच्या. यासाठी पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. रांगेचा न्याय आणि निकडीचा न्याय यांत फरक कोणता? दोन्ही कोठे पाळता येतात?
२. तुमच्या घरात मुलांच्या धोक्याच्या कोणत्या लक्षणांची माहिती सर्वांना आहे? आजी-आजोबांना आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला आहे का?
३. याईराचे बोलणे पुन्हा वाचा. दवाखान्याच्या दाराशी तुम्ही तुमच्या मुलाविषयी दोन वाक्यांत काय सांगाल, ते लिहून पाहा.
४. तुमच्या गावातील दवाखान्यात किंवा शिबिरात गप्प मुलाकडे लक्ष देणारे कोणी आहे का? नसेल तर ते काम तुमच्यापैकी कोण करील?